मॅडम, तुम्ही ग्रहणात जेवलात का?

खडू_डस्टर (सातारा)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय कारण गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, नववी-दहावी. ७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण होतं ना, त्याच्या आधीच्या आठवड्यात मी पोरांना टॉर्च, फुटबॉल आणि टेनिसचा बॉल घेऊन सगळं करून दाखवलं. सावली कशी पडते, खग्रास असताना चंद्र काळाठिक्कर न होता तांबडा का दिसतो (आपल्या हवेतून वाकून जाणारा उजेड, त्यातला निळा वाटेतच विखुरतो आणि तांबडा तेवढा चंद्रापर्यंत पोचतो), रात्री १० च्या आत सुरू, ११ ते साधारण १२:२२ पूर्ण झाकलेला, दीडच्या आत खेळ खलास, सगळं फळ्यावर लिहून दिलं. वर हेही ठणकावून सांगितलं की ग्रहणात जेवलं तर काही होत नाही, बिनधास्त गच्चीवर जा आणि बघा.

मंगळवारी दहावीच्या तासाला एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही ग्रहणात जेवलात का?"

मी म्हणाले, हो.

खोटं बोलले. रविवारी दुपारी एकच्या आसपास वेध लागत होते म्हणून आमच्या घरात साडेबाराला जेवणं उरकली आणि त्यानंतर ग्रहण सुटून अंघोळ होईपर्यंत मी पाण्याचा थेंब घेतला नाही. आणि कोणी जबरदस्ती केली म्हणून नाही हं. म्हणजे सासूबाई पाळतात हे आहेच, पण मी जपाला बसले होते. माझी आजी माण तालुक्यातली, गोंदवल्याच्या महाराजांचं तिला फार, तिनं मला आठ-नऊ वर्षांची असताना तेरा अक्षरी मंत्र दिला तो आजतागायत सुटलेला नाही. ग्रहणात केलेला जप जास्त पावतो असं ती म्हणायची. मला माहितीये की पावतो-बिवतो याला काही आधार नाही. तरी बसले. मध्ये उठून गच्चीवर गेले, ढग सरकले तेव्हा दुर्बिणीतून तांबडा चंद्र बघितला, अंगावर काटा आला, परत खाली येऊन माळ हातात घेतली. आता यातलं माझं खरं कुठलं?

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत वडील दवाखान्यात होते, ऑक्सिजन ८० च्या घरात. मी बाहेर व्हरांड्यात चार रात्री जप करत होते. ते गेले. त्यामुळे जपानं माणूस वाचतो असं मी कुणाला सांगणार नाही, मलाच पटत नाही. पण त्या चार रात्री मी ज्याला धरून बसले होते ते हेच होतं, आणि ते सोडून दे असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.

माझी भीती वेगळी आहे. स्वेटरचा एक धागा ओढला की सगळं उसवतं तसं, आज वेध सोडले तर उद्या जप पण सुटेल. आणि वेध धरून ठेवले तर वर्गात मी दोन तोंडांची. तुमच्यापैकी विज्ञानात काम करणारे आणि घरी देव मानणारे कसं करता हे?

(घरात धाकटी जाऊ सातव्या महिन्यात आहे. तिला तर दुपारपासून एका खोलीत बसवलं होतं, खायचं-प्यायचं नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही, आडवं व्हायचं नाही. मी काही बोलले नाही. घरात कशाला वाद म्हणून.)

ऊर्जा_स्पंदन

ताई तुम्ही उगाच गिल्टी फील करताय. आपल्या पूर्वजांनी जे सांगितलं ते १०० टक्के सायन्सच आहे. ग्रहणात चंद्रातून निगेटिव्ह किरणं निघतात त्यामुळे अन्न दूषित होतं, आणि मंत्राची जी व्हायब्रेशन्स असतात ती शरीरातल्या पाण्यावर काम करतात, नासाने पण मान्य केलंय. वर्गात अभिमानाने सांगा.

आयर्विन_पूल (सांगली)

@ऊर्जा_स्पंदन दादा, चंद्र स्वतःचा उजेड सोडत नाही, सूर्याचा उजेड परत पाठवतो. ग्रहणात तो उजेड उलट कमी होतो. म्हणजे तुमच्या हिशोबानं बाकीच्या पौर्णिमांना जास्त उपाशी राहायला पाहिजे. नासाला मध्ये घेऊ नका, त्यांना बिचाऱ्यांना रोज भारतातलं काही ना काही मान्य करावं लागतं.

आता मॅडम तुम्हाला. मी देव मानत नाही हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कळलं असं व्हायला नको.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी कंसात टाकलीय. तुमचा जप, तुमची आजी, तुमचे वडील यावर मला एक शब्द बोलायचा नाही. जप केल्यावर मला स्थिर वाटतं हा तुमच्याबद्दलचा अनुभव आहे, तुम्ही सांगाल तो खरा. पण गरोदर बाईनं ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो हा बाळाबद्दलचा दावा आहे, आणि दावा म्हटला की तपासायचा. दोन्हीला आपण श्रद्धा श्रद्धा म्हणतो आणि तिथंच सगळा घोळ होतो.

तपासायचं म्हणजे कसं ते बघा. २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी पत्रिकांची चाचणी घेतली होती, त्यात आपले साताऱ्याचे डॉ. दाभोलकर पण होते. २०० मुलांच्या पत्रिका, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं यातलं हुशार कोण ते सांगा, २७ जणांनी उत्तरं पाठवली. उत्तर बरोबर यायचं प्रमाण निघालं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आलं असतं. कुणाचा अपमान नाही, कुणाला शिव्या नाहीत, फक्त बघितलं. १९९५ ला गणपती दूध प्यायला लागला तेव्हाही तेच. आमच्या गल्लीत सकाळपासून लाईन, मी पण चमचा घेऊन उभा होतो कॉलेजला दांडी मारून, दूध सोंडेला लागलं की पृष्ठताणामुळे खेचलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थरात खाली ओघळतं, खाली हात लावला तर ओलं. हात लावून बघायचं तेवढं कुणाला सुचलं नाही त्या दिवशी, मला पण नाही.

दाभोलकर आमच्या विलिंग्डनला शिकले, मिरजेच्या मेडिकलला डॉक्टर झाले, त्यांनी आयुष्यभर सांगितलं की आमचा देवाला विरोध नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या त्यांना. त्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला तो वाचा, त्यात जप करणाऱ्या बाईला हात लावणारं एक कलम नाही. पण तुम्ही त्यांच्याच गावात राहून, विज्ञानाच्या शिक्षिका असून, सात महिन्यांच्या बाईला पाण्याविना बसलेलं बघून गप्प राहिलात. दोन तोंडं म्हणालात ना, मला तर वाटतं त्या दिवशी एकच होतं आणि ते बंद होतं.

वॉर्ड_सहा_मिरज

वरच्या सरांनी जरा कडक लिहिलंय पण मुद्दा बरोबर. मी प्रसूती वॉर्डला नर्स आहे १४ वर्षं. ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं नेहमी दोन-चार जणी येतात, चक्कर, डोकं दुखतंय, पोट कडक होतंय, आणि विचारलं की कळतं बारा तास पाणी नाही. सलाईन लावली की बऱ्या होतात बहुतेक.

आणि ताई ओठाचं म्हणाल तर वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या आसपास जुळून येतो, टाळू बाराव्यापर्यंत. तुमच्या जाऊबाई सातव्या महिन्यात आहेत. बाळाचा ओठ केव्हाच तयार झालाय, आता विळी घेऊन अख्खी कोबी चिरली तरी काही फरक पडत नाही. हे सासूबाईंना सांगून बघा, आठवड्यांचा हिशोब जुन्या बायकांना बरोबर कळतो, त्यांनी पण बाळंतपणं काढलेली असतात.

द्राक्षबाग_तासगाव

राम कृष्ण हरी. ताई मी शिकलेला न्हाई जास्त, बारावी नापास. गळ्यात माळ हाय, २२ वर्षं वारी करतोय, माऊलींच्या पालखीला लोणंदला जाऊन मिळतो, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण चुकवलं न्हाई कधी. आणि चार एकर बाग हाय.

आता छाटणी झाली की पुढं डाऊनी रोगाचा धोका, मोबाईलवर रोज सकाळी पाऊस किती आर्द्रता किती बगतो, पानाच्या खाली पांढरं दिसलं की त्याच दिवशी फवारा. तितं मी विठोबाला हाक मारत न्हाई. पयल्या वर्षी मारली हुती, निम्मी बाग गेली. विठोबा काय पंपावर बसणार न्हाई ओ. तुकोबांनी नवस करणाऱ्यांची किती टर उडवलीय ते आमी रोज म्हणतो की कीर्तनात, मग बाग वाचीव म्हणून नवस बोलायला तोंड उरत न्हाई.

मग वारीला कशाला जातो? आता ते मला सांगता येत न्हाई नीट. वारीत मी द्राक्षवाला न्हाई, कर्जवाला न्हाई, कुणाचा बाप न्हाई. दहा-बारा दिवस नुसता चालणारा. एवढंच.

गिरणाचं म्हणाल तर आमच्यात बी पाळत्यात. ल्हानपणी "दे दान सुटे गिराण" वरडत याचे ते लोक, आमची आई सूपभर धान्य घालायची. मला ते लय आवडायचं. पर माझ्या मालकिणीला पोटुशी असताना आमच्या आईनंच पाणी दिलं हुतं गिरणात. म्हणली देवाला काय कळत न्हाई व्हय.

शिवसागर (पाटण)

चर्चा चांगली चाललीय. थोडं माझं पण, वय ६६ आहे त्यामुळे लांबण लागेल.

११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढं कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा. घर पडलं, आमचं माणूस कोणी गेलं नाही पण आजूबाजूला मिळून पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आजी म्हणायची देवी कोपली, नदी अडवली, देवळं पाण्याखाली घातली, आता ती गप्प बसेल का. आणि गंमत बघा, त्याच काळात शिकलेले लोक म्हणायचे दख्खनचं पठार एकदम घट्ट, इथं मोठा भूकंप व्हायचा नाहीच. म्हणजे त्या पहाटे दोघांच्यात आजी जास्त जवळ होती म्हणायची.

पुढं मी डिप्लोमा करून जलविद्युत केंद्रावरच लागलो आणि तिथं कळायला लागलं. धरणात पाणी साठायला लागल्यावर काही वर्षांत हे धक्के सुरू झाले. पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, भेगांमधला दाब वाढतो, एकमेकांवर घट्ट बसलेले खडक सरकायला मोकळे होतात. ताण आधीपासून जमिनीत होताच, पाण्यानं फक्त खटका ओढला. आजी म्हणाली धरणामुळं, शास्त्रज्ञ म्हणाले धरणामुळं. पण आजीच्या देवीला केव्हा राग येतो ते सांगायची सोय नव्हती. पाण्याची पातळी आणि धक्के शेजारी शेजारी मांडून बघता येतात, आणि जे चुकलं ते चुकलं म्हणून पुसता येतं, घट्ट पठारवाल्यांना पुसावंच लागलं. आता कराडला त्याची प्रयोगशाळाच आहे, जमिनीत ३ किलोमीटर खोल भोक पाडून बघितलंय त्यांनी.

हे सगळं कळल्यावर मी देवीला जायचं सोडलं का? नाही. आजीबरोबर जायचो, आता नातवाला नेतो. आजीनं त्या भूकंपाला काहीतरी म्हणायला पाहिजे होतं, तिची शेजारीण गेली होती ढिगाऱ्यात. तिला खडकातला दाब सांगून काय झोप आली असती का.

एक कामावरचं सांगतो. खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करायचो, जनरेटरला झेंडूची माळ, नारळ, पेढे, आमचे एक साहेब ख्रिश्चन होते ते पण टिळा लावून घ्यायचे. पण पूजा झाली की मेगर नावाचं मीटर लावून इन्सुलेशन बघितल्याशिवाय मशीन चालू करायची नाही. पूजा झालीय म्हणून टेस्टिंग राहू दे असं ३४ वर्षांत एकदाही कोणी म्हणालं नाही. म्हणाला असता तर त्याला आम्ही देवभक्त नसतं म्हणलं, दुसरंच काहीतरी म्हणलो असतो.

बाई, तुमच्या सासूबाईंना एक करा, त्या पाळतात ते पंचांग उघडून दाखवा. लहान मुलं, म्हातारी, आजारी आणि गर्भवती यांना पंचांगवाल्यांनीच सूट दिलेली असते, दुपारपासून वेध त्यांना नसतातच. लोक पंचांगापेक्षा कडक झालेत. आणि ग्रहण किती वाजून किती मिनिटांनी लागणार हे त्याच पानावर गणित करून छापलेलं असतं, राहू कधी येतो त्याची वाट बघत नाही कोणी. आर्यभटानं दीड हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की सावली आहे म्हणून.

ऊर्जा_स्पंदन

सगळे एकाच बाजूने बोलणार हे माहितीच होतं. मोठमोठे शास्त्रज्ञ पण देव मानायचे. बिग बँग थिअरी तर एका पाद्रीने मांडलीय, गुगल करा.

आयर्विन_पूल (सांगली)

केलंय गुगल. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे, खरंच धर्मगुरू होते. पण पुढचं पण वाचा की. १९५१ मध्ये खुद्द पोप भाषणात म्हणाले की विश्वाला सुरुवात आहे असं विज्ञान म्हणतंय म्हणजे बायबलमधली सृष्टीची निर्मिती खरी ठरली. सगळ्यात जास्त अस्वस्थ कोण झालं तर हेच लमेत्र. त्यांचं म्हणणं, माझं गणित हे गणित आहे, त्याला देवाच्या बाजूनं साक्षीदार म्हणून उभं करू नका, उद्या गणित बदललं तर देवाचं काय करणार? पाद्री माणूस पोपना आवरायला निघाला. तुम्ही मात्र मंत्र आणि व्हायब्रेशन एकाच पातेल्यात शिजवताय.

येरळाकाठ

एक विसरताय सगळे. साताऱ्याचा विषय निघाला आणि कटगुणचं नाव नाही? महात्मा फुल्यांचं मूळ गाव आमच्या खटाव तालुक्यातलं. जोतिराव नास्तिक नव्हते, ते निर्मिक मानायचे. सगळ्यांना निर्माण करणारा कोणीतरी एक आहे, पण त्याच्या आणि माझ्यामध्ये भट नको आणि बुद्धीला कुलूप लावणारी पोथी नको. १८७३ ला सत्यशोधक समाज काढला तो याच पायावर. आमच्या पणजोबांचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं झालेलं, आणि तेच पणजोबा रोज संध्याकाळी भजनाला बसायचे, गावात कुणाला त्यात विचित्र वाटलं नाही. देव मानायचा तर सगळंच मानायचं आणि सोडायचा तर सगळंच सोडायचं, हे असं कोणी ठरवलं? स्वेटरचं म्हणालीस ना ताई, गोधडी म्हण. एक ठिगळ काढून दुसरं लावलं तर गोधडी उसवत नाही.

आयर्विन दादा तुमचं सगळं बरोबर पण सुनेला घरात तोंड उघडायला काय पडतं ते एकदा सून होऊन बघा. "बंद होतं" लिहायला सोपं आहे.

आयर्विन_पूल (सांगली)

मान्य. ते वाक्य जरा जास्त झालं. मुद्दा मागे घेत नाही.

खडू_डस्टर (सातारा)

सगळ्यांचं वाचलं, काल रात्री दोनदा वाचलं. आयर्विन दादा, तुमचा राग आला होता खरं सांगते, पण कंसाचं तुम्ही बरोबर पकडलंत. मी ते कंसात टाकलं हे मला पण लिहिताना कळलं नव्हतं.

आज दुपारी जाऊबाईशी बोलले. नर्सताईंचं सातव्या आठवड्याचं सांगितलं, आणि म्हणाले मी त्या दिवशी गप्प बसले ते चुकलं माझं. ती आधी माझ्याकडं बघतच राहिली आणि मग हसायला लागली. म्हणाली, "ताई, मी बाथरूममध्ये जाऊन तीनदा पाणी प्यायले. उशीखाली बिस्किटाचा पुडा होता, यांनीच आणून दिलेला."

मी म्हटलं मग आईंना कळलं असतं तर? तर म्हणाली, "आईंचं नाही हो एवढं. त्या नऊला झोपल्या पण. मी तुम्हाला घाबरत होते. तुम्ही बाहेर माळ घेऊन बसला होता ना, मला वाटलं घरात सगळ्यात कडक तुम्हीच."

मला काही बोलताच येईना. एवढे दिवस मी सासूबाईंच्या नावावर खपवत होते.

शिवसागर काका, पंचांग आज काढलं, तुम्ही म्हणता तसंच आहे, गर्भवतींची ओळ वेगळी आहे. सासूबाईंना दाखवलं तर चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "बारीक अक्षरात छापत्यात मेले." एवढंच. पुढचं चंद्रग्रहण ३ मार्च २०२६ ला आहे, आपल्याकडं चंद्र उगवेपर्यंत ते जवळजवळ संपलेलंच असणार त्यामुळे परीक्षा लगेच नाही, आणि तोवर तर बाळ पण आलेलं असेल.

जप चालू आहे. त्याचं काही ठरवलं नाही आणि ठरवायचं आहे असं आज तरी वाटत नाहीये.

ती दहावीतली मुलगी उरलीय. उद्या तिसरा तास आहे. धड्याआधी सांगणार आहे की मी त्या दिवशी हो म्हणाले ते खरं नव्हतं, मी जेवले नव्हते. ती पुढं "का?" विचारणार हे नक्की, मागच्या बाकावरची आहे पण सोडत नाही. त्याचं उत्तर अजून जुळत नाहीये, कोणाला सुचलं तर उद्या साडेअकराच्या आत लिहा.

द्राक्षबाग_तासगाव

आजीची आठवण आली म्हणून, असं सांगा ताई. खरं हाय ते.

आयर्विन_पूल (सांगली)

आणि तिला विचारा ती जेवली का. बहुतेक नसेल.